अभिलेख कक्षातला सोमवार

सकाळी साडेनऊ

आमचा अभिलेख कक्ष महापालिकेच्या मागच्या बाजूला आहे. दाराशेजारी एक कागद चिकटवलेला असतो : ‘दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतील. सोमवारी सुट्टी असल्यास कामकाजाच्या पुढच्या दिवशी.’ हा कागद जागेवर आहे ना, हे मी आधी बघते. वाऱ्याने किंवा कुणाच्या हाताने निघाला असेल तर दुसरा लावते आणि मगच कुलूप काढते. आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा आपण स्वतः महापालिकेत बसून पाहू शकतो, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. वीस-वीस वर्षं घराचे हप्ते भरलेल्या माणसाने त्या घराचा नकाशा एकदाही पाहिलेला नसतो. म्हणून मला तो कागद फार महत्त्वाचा वाटतो.

आत गेल्यावर आधी खिडक्या. आमचं शहर नदीकाठचं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि ओलीबरोबर कसर येते. शिपाई मामा कपाटांमधल्या डांबराच्या गोळ्या बदलतात. मांडण्यांचे खालचे दोन कप्पे आम्ही रिकामे ठेवतो. पुराचं पाणी आवारात शिरलेलं आम्ही पाहिलेलं आहे. वरच्या कप्प्यांवर वर्षवार गठ्ठे. नगरपालिका होती तेव्हाचे गठ्ठे अजून लाल कापडी रुमालात बांधलेले आहेत, महापालिका झाल्यानंतरच्या संचिका पुठ्ठ्याच्या फाइलींत. बांधकाम परवानगीची संचिका आमच्याकडे ‘अ’ वर्गात धरतात. ‘अ’ म्हणजे कायम जतन. ‘ड’ वर्गातलं कागदपत्र वर्षभराने निकाली काढता येतं, पण ‘अ’ वर्गातला कागद आमच्या पश्चातही राहिला पाहिजे. हे लक्षात ठेवून काम करायचं म्हटलं तर गठ्ठ्याची गाठ बांधतानासुद्धा हात सावकाश चालतो.

साडेदहा

खिडकी उघडली. सोमवारी येणारे पुष्कळ लोक सकाळीच येऊन जातात, कारण दुपारी नकाशा हातात पडायचा असेल तर तो सकाळी सापडायला हवा. आणि सापडण्यासाठी क्रमांक लागतो.

पहिले आले ते एक निवृत्त शिक्षक. हातात घरपट्टीचं बिल.

‘‘मॅडम, आमच्या घराचा नकाशा पाहायचाय. वडिलांनी बांधलेलं घर आहे.’’

‘‘बांधकाम परवानगीचा क्रमांक आहे का, सर?’’

‘‘तो नाही. पण कर सगळा भरलेला आहे. एक वर्ष चुकलेलं नाही.’’

या वाक्याला मला रोज उत्तर द्यावं लागतं आणि ते मी कधी घाईत देत नाही. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरलं, असा समज घराघरात आहे. महापालिका कर लावते तो इमारत उभी आहे म्हणून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर दंडाची रक्कमही लागते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. अधिकृतपणाचे कागद तीन : मंजूर नकाशा, त्याच्याबरोबर दिलेलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि काम संपल्यावर मिळालेलं भोगवटा प्रमाणपत्र. बिल्डरपासून वकिलापर्यंत सगळे शेवटच्या दोन्हींना सी.सी. आणि ओ.सी. म्हणतात. करबिल या तिन्हींपैकी कुणाचीही जागा घेत नाही.

पण करबिलाचा एक उपयोग आहे. त्यावर मिळकत क्रमांक असतो आणि कर आकारणी विभागाच्या जुन्या नोंदीत त्या क्रमांकासमोर पहिल्या आकारणीचं वर्ष मिळतं. घर त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी मंजूर झालेलं असणार. सरांना मी त्या खिडकीवर पाठवलं आणि सिटी सर्व्हे नंबर विचारला. तो त्यांना पाठ होता. जुन्या गावठाणातल्या माणसांना सिटी सर्व्हे नंबर पाठ असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो.

फ्लॅटवाल्यांना मी वेगळा रस्ता सांगते. करारनामा काढा. त्याच्या सुरुवातीच्या पानांत ‘महापालिकेने दिनांक अमुक रोजी क्रमांक तमुक अन्वये परवानगी दिलेली असून’ असं एक लांबलचक वाक्य असतं, तिथे तुमचा क्रमांक आहे. शेवटी जोडलेल्या कागदांत प्रारंभ प्रमाणपत्राची झेरॉक्स असते. करारनामा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन आणि नोंदवलेल्या दस्ताची नक्कल मिळते. तेही नसेल तर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, वास्तुविशारदाचं नाव आणि अंदाजे वर्ष एवढ्यावर आम्ही परवानगी नोंदवहीत शोधतो. वेळ लागतो, पण सापडतं.

साडेअकरा

शोधाशोध. हा तास माझा सगळ्यात आवडता, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दुपारसाठी तीन संचिका काढायच्या होत्या : सरांच्या घराची, एका सोसायटीची आणि जुना फ्लॅट विकत घेऊ पाहणाऱ्या एका जोडप्याने सांगितलेल्या इमारतीची. नोंदवहीत क्रमांक, गठ्ठ्यावर वर्ष, गठ्ठ्यात संचिका. ऐकायला सोपं आहे, पण संचिका उघडल्यावर तिच्यात एकच नकाशा निघाला तर आधी शंका घ्यायची असते. इमारत एका नकाशावर क्वचितच पुरी होते. पहिला नकाशा मंजूर होतो, जोत्यापर्यंत काम येतं, जोते तपासणी होते, मग मालक शेजारची पट्टी विकत घेतो किंवा नियम बदलतात किंवा मजला वाढवायचा असतो, आणि सुधारित नकाशा सादर होतो. कधी दोनदा, कधी चारदा. प्रत्येक मंजुरीला नवा क्रमांक, कधी नवी संचिका. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदतही एक वर्षाची असते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे ती वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते, आणि त्या नूतनीकरणाचेही कागद असतात.

सोसायटीच्या बाबतीत तेच निघालं. त्यांनी दिलेला क्रमांक पहिल्या मंजुरीचा. नोंदवहीत पुढे आणखी दोन सुधारित मंजुऱ्या. करारनाम्याला पहिला नकाशा जोडलेला, इमारत उभी राहिली तिसऱ्याप्रमाणे. भांडणं उभी राहतात ती इथून. सभासद हातातला नकाशा दाखवून म्हणतात, इथे बाग होती. बिल्डर त्याचा नकाशा दाखवून म्हणतो, नव्हती. दोघांचे कागद खरे असू शकतात. बांधकामाला लागू पडतो शेवटचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राबरोबर मंजूर झालेला पूर्णत्वाचा नकाशा. मात्र सदनिका विकल्यानंतर नकाशात बदल करताना खरेदीदारांची संमती घेतली होती का, हा प्रश्न उरतोच. १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्याचं कलम ७ त्यासाठीच आहे. म्हणून मी एक कधीच करत नाही : एकच नकाशा पुढे ठेवून ‘हा घ्या तुमचा नकाशा’ असं म्हणत नाही. सगळे काढते, तारखांप्रमाणे लावते.

सरांच्या घराचा गठ्ठा रुमालातला. १९६०च्या दशकातला निळसर कागद, घडीच्या रेघांवर चिरलेला. असा कागद झटक्याने उघडला की चौकोनी तुकडे हातात येतात. मोठ्या पुठ्ठ्यावर ठेवून एकेक घडी तळव्याने दाबत उघडायचा. त्या काळी वास्तुविशारदाकडे मूळ रेखाटन पारदर्शक कागदावर किंवा कापडावर असे, त्यावरून प्रती निघत आणि प्रतीवर हाताने रंग भरले जात. रंग फिके होतात, पण महापालिकेचा शिक्का सहसा टिकतो.

साडेबारा

खिडकीवर एक तरुण वकील. त्यांना पाहणी नको होती, प्रमाणित प्रत हवी होती.

पाहणं आणि प्रत घेणं, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. पाहून प्रश्न सुटत असेल तर प्रतीसाठी थांबू नये. न्यायालयात, सहकार खात्यात किंवा मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाला कागद जोडायचा असेल तर शिक्क्याची प्रमाणित प्रतच लागते. त्यासाठी बांधकाम विभागाकडे रीतसर अर्ज करून शुल्क भरता येतं किंवा माहितीच्या अधिकारात मागता येतं. २००५ च्या त्या कायद्यात माहितीच्या अधिकाराची व्याख्या करतानाच दस्तऐवजांची पाहणी, टिपणं काढणं आणि प्रमाणित प्रती घेणं हे सगळं सांगितलेलं आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ. साध्या आकाराच्या पानाला दोन रुपये; नकाशासारख्या मोठ्या कागदाला जो प्रत्यक्ष खर्च येईल तो. पाहणीच्या पहिल्या तासाला काही पडत नाही. उत्तराची मुदत तीस दिवस, त्यात न आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

वकीलसाहेबांचा अर्ज दोन पानी होता. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एका विषयापुरता असावा लागतो. मी त्यांना तो इथेच नीट करून घ्यायला सांगितला : इमारतीचा सर्व्हे नंबर, परवानगीचा क्रमांक व तारीख, आणि ‘सर्व मंजूर व सुधारित नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्रं, जोते तपासणी दाखला, भोगवटा प्रमाणपत्र व त्यासोबतचा नकाशा यांच्या प्रमाणित प्रती’. एवढं पुरतं. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहिलं की अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो. नेमकं मागितलं की नेमकं मिळतं, हे मी अर्ज घेणाऱ्यांच्या बाजूने सांगते आहे.

दीड

डबा. मामांच्या घरून आलेली लसणाची चटणी.

दोन

जेवणानंतरचा तास स्कॅनिंगचा. आता परवानगीचे अर्ज संगणकावर येतात, नकाशा तपासणारी प्रणाली वेगळी आहे, मंजुरीवर अधिकाऱ्याची डिजिटल सही असते. त्या नकाशांसाठी माझ्याकडे यायची गरज कमी. मे २०१७ पासून महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांची माहितीही संकेतस्थळावर बघता येते. पण शहरातल्या बहुतेक इमारती त्याआधीच्या आहेत, आणि दुरुस्ती, बळकटीकरण, पुनर्विकास या सगळ्याला नकाशा लागतो तो त्यांनाच. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचना तपासून घ्यावी लागते. तपासणारा अभियंता पहिला प्रश्न विचारतो तो खांब कुठे आहेत आणि नकाशा आहे का, हा. म्हणून जुने कागद आधी स्कॅन व्हावेत असं माझं ठाम मत आहे. नवे नकाशे मुळात संगणकातच आहेत, ते कुठे जात नाहीत. फाटतायत ते जुने. आमच्याकडे स्कॅनिंग वर्षाच्या क्रमाने, अलीकडून मागे असं सुरू झालं. मी दर बैठकीत ते उलटं फिरवायची विनंती करते आणि करत राहीन.

दुपारी तीन

मोठं टेबल भिंतीपासून मोकळं करून खिडकीच्या उजेडात ओढलं. टेबलावर पेन्सिली, फूटपट्टी, भिंग. पेन नाही, पाण्याची बाटली नाही, चहा तर नाहीच. येणाऱ्याचं नाव, पाहिलेल्या संचिकेचा क्रमांक आणि वेळ नोंदवहीत लिहून घ्यायची, बस. या दोन तासांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही.

ही रीत पुण्याची. महेश झगडे पुणे महापालिकेत आयुक्त असताना सोमवारी दुपारी संचिका लोकांना खुल्या करायला तिथे सुरुवात झाली. पुढे राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. मला हा निर्णय मनापासून पटतो. अर्ज, मुदत, अपील हा रस्ता ज्याला कागद नाकारला जातो त्याच्यासाठी आहे. ज्याला नुसतं बघायचं आहे त्याला टेबल, खुर्ची आणि उजेड द्यावा, एवढंच काम आहे.

पहिली सोसायटीची मंडळी : सचिव असलेल्या एक ताई, खजिनदार आणि एक आजोबा, जे इमारतीत पहिल्या दिवसापासून राहतात. तक्रार पार्किंगची. तळमजल्यावरच्या दोन जागा बिल्डरने ‘गॅरेज’ म्हणून बाहेरच्या माणसाला विकल्या आहेत असं त्यांचं म्हणणं.

मी तिन्ही नकाशे ओळीने ठेवले आणि आधी वाचायला शिकवलं. हे मी प्रत्येकाला शिकवते, कारण मी वाचून दाखवलं तर त्यांना माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल. त्यांनी वाचलं तर तो त्यांचा स्वतःचा पुरावा. जाड काळी रेघ म्हणजे प्लॉटची हद्द. हिरवा म्हणजे रस्ता, आणि हिरवी तुटक रेघ म्हणजे पुढे होऊ घातलेला रस्ता. लाल भरलेलं म्हणजे प्रस्तावित बांधकाम. पिवळ्या तिरप्या रेघा म्हणजे पाडायचं जुनं बांधकाम. तुटक लाल म्हणजे सांडपाण्याची वाहिनी. ज्याला रंगच नाही ती मोकळी जागा, आणि ती मोकळीच राहिली पाहिजे. कोपऱ्यातला तक्ता म्हणजे क्षेत्रफळाचा हिशेब : प्लॉट किती, रस्त्यात गेलेला भाग किती, चटईक्षेत्र किती मंजूर, किती वापरलं, गाड्या किती लागतात आणि किती दाखवल्या आहेत. शिक्क्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही मंजुरी अमुक क्रमांकाच्या प्रमाणपत्रातल्या अटींना अधीन आहे. म्हणून नकाशा कधी एकटा वाचू नये, प्रमाणपत्र शेजारी ठेवून वाचावा.

ताईंनी बोट ठेवत ठेवत तळमजला वाचला. ‘‘इथे तर नुसतं पार्किंग लिहिलंय. भिंतच नाही.’’

‘‘तिन्ही नकाशांत बघा.’’

तिन्हींत तेच. खांब आणि खांबांच्या मध्ये गाड्यांचे चौकोन, एक ते चौदा क्रमांक. खजिनदारांनी चौकोन मोजले, मग तक्त्यातला आकडा पाहिला. जुळला.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्या खटल्यात सांगितलं की मालकी हक्क सदनिका कायद्याखाली इमारतीखालची अशी मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. निकाल ताईंना वकिलांकडून माहीत होता. पण आपल्या इमारतीत ती जागा नकाशावर काय म्हणून दाखवलेली आहे, हे त्यांना आज कळलं. निकाल लागू होतो तो त्यावर. त्यांनी चौकोनांचे क्रमांक पेन्सिलीने वहीत उतरवले, तिन्ही मंजुऱ्यांच्या तारखा लिहिल्या आणि प्रमाणित प्रतींचा अर्ज तिथेच भरला.

आजोबा मात्र मागच्या बाजूला बघत होते. तिथे रंग नव्हता. ‘‘इथे पत्र्याची शेड आहे आमची. सोसायटीचीच. सामान ठेवायला.’’ मी काही बोलले नाही. त्यांना कळलं होतं. नकाशा बिल्डरला जसा लागू होतो तसा आपल्यालाही लागू होतो.

पावणेचार

तरुण जोडपं. फ्लॅट जुना, पाचव्या मजल्यावर, विकणारा म्हणतोय अडीच बेडरूमचा. बँकेने कर्जासाठी मंजूर नकाशा मागितला म्हणून हे आले. बँकेने मागितला नसता तर आले नसते, हे त्यांनीच सांगितलं.

पाचवा मजला उघडला. जिना चढून उजवीकडचा फ्लॅट. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, हॉल आणि हॉलला लागून टेरेस. टेरेसवर छप्पर नाही, रंग नाही.

‘‘ती तिसरी खोली कुठाय?’’ मुलीने विचारलं.

‘‘टेरेसचं माप वाचा.’’

तिने वाचलं, मग मोबाइलमध्ये विकणाऱ्याने पाठवलेला आराखडा काढला. माप तेच. ती ‘अर्धी बेडरूम’ म्हणजे बंद केलेली टेरेस होती. चटईक्षेत्राच्या हिशेबाच्या तक्त्यात ती धरलेली नव्हती.

मुलगा म्हणाला, ‘‘पण सगळ्यांनीच बंद केल्यात त्या बिल्डिंगमध्ये.’’

हे खरं असेल. तरी मंजूर नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे तुम्ही देताय, आणि उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येईल, एवढं मी सांगितलं. फ्लॅट घ्या किंवा घेऊ नका हे सांगणं माझं काम नव्हे. मात्र भोगवटा प्रमाणपत्र बघायला लावलं. कलम २६३ खाली दिलेलं, पूर्ण इमारतीचं होतं. काही इमारतींना अंशतः भोगवटा असतो, म्हणजे काही मजल्यांपुरता; तेव्हा आपला मजला त्यात आहे का हे शब्दन् शब्द वाचून बघावं लागतं. यांचा होता. दोघं तेवढं समाधान घेऊन आणि किमतीबद्दल पुन्हा बोलायचं ठरवून गेले.

येणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगत असते : फूटपट्टी आणलीत तर चांगलं, पण तिच्यावर विसंबू नका. इमारतीचा नकाशा साधारण एकास शंभर प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर एक मीटर. पण जुना कागद आकसतो, झेरॉक्समध्ये प्रमाण बदलतं. लिहिलेलं माप खरं मानायचं.

सव्वाचार

सर आले. बरोबर त्यांची मुलगी आणि मुलीने बोलावलेला एक संरचना अभियंता. घर दुमजली, भिंतींना तडे. पाडायचं की दुरुस्त करायचं, हा घरातला वाद.

पुठ्ठ्यावरचा निळा कागद मी त्यांच्यासमोर सरकवला, उलटला नाही. मापं फूट-इंचात, त्या वेळी एक इंचाला आठ फूट असं प्रमाण चाले. अभियंत्याने भिंगातून भिंतींची जाडी वाचली : बाहेरच्या दीड वीट, आतल्या एक वीट, काँक्रीटचे खांब कुठेही नाहीत. म्हणजे घराचा भार भिंतींवर. सरांच्या भावाने मधली भिंत काढून हॉल मोठा केला होता, ती भिंत नकाशात खालपासून वरपर्यंत सलग होती. अभियंत्याने तिथे पेन्सिलचं टोक धरलं आणि मुलीकडे पाहिलं. तडे कुठून आले ते कळायला त्याला घरी जावं लागलं नाही.

मग त्याने मागच्या अंगणात एक वर्तुळ दाखवलं. बारीक अक्षरात ‘आड’ लिहिलेलं.

‘‘आमच्याकडे आड नाही,’’ मुलगी म्हणाली.

सर थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘होता. नळ आल्यावर बुजवला. मी चौथीत असेन. त्याच्यावर आता तुझी गाडी असते.’’

पाया खणताना भरावाच्या जागी आड निघणं म्हणजे पैसे आणि जोखीम दोन्ही. पुनर्बांधणी केली तर त्या कोपऱ्यातला खांब सरकवावा लागेल, असं अभियंता म्हणाला आणि त्याने हद्दीच्या भिंतीपासून आडाचं अंतर उतरवून घेतलं. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कुणा आरेखकाने ते वर्तुळ प्रामाणिकपणे काढून ठेवलं, नाव लिहिलं आणि माप दिलं. मी त्याला ओळखत नाही, पण या कामाबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

पाच वाजून गेल्यावर

वेळ संपली तरी एक जण थांबलेले होते. हद्दवाढीत आलेल्या गावातले. त्यांच्या इमारतीचा नकाशा आमच्याकडे सापडत नव्हता. गाव महापालिकेत येण्याआधीची परवानगी. ‘फाइल नाही’ असं तोंडी सांगून माणसाला परत पाठवणं मला मान्य नाही. शोध घेतला, कुठे घेतला आणि काय आढळलं हे लेखी द्यायला हवं. महापालिकेत नोंद असून संचिका हरवली असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने अभिलेख नष्ट करणं किंवा गायब करणं हा गुन्हा ठरवलेला आहे.

या काकांच्या बाबतीत दुसरे रस्ते होते आणि ते मी कागदावर लिहून दिले. जमीन बिनशेती झाली तेव्हाचा जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा तहसीलदारांचा आदेश. त्या प्रकरणात रेखांकनाचा आणि बऱ्याचदा इमारतीचाही मंजूर नकाशा जोडलेला असतो आणि तो महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात मिळतो. नोंदवलेले जुने करारनामे, त्यातही पहिल्या सभासदांचे, कारण त्यांना जोडलेले कागद जास्त असतात. वास्तुविशारदाचं कार्यालय. गृहकर्ज दिलेल्या बँकेची जुनी फाइल. ग्रामपंचायतीचं दप्तर हस्तांतरित झालं असेल तर ते आमच्या क्षेत्रीय कार्यालयात. काकांनी कागद खिशात ठेवला आणि विचारलं, ‘‘एवढं फिरायचं कशाला? बिल्डरकडे असेल ना नकाशा?’’

असायलाच हवा. सदनिका विकणाऱ्याने मंजूर नकाशे खरेदीदाराला दाखवणं १९६३ पासून बंधनकारक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे. बिल्डरकडे जरूर मागा, लेखी मागा. पण त्याने दिलेला कागद महापालिकेच्या किंवा महसूलच्या मूळ प्रतीशी ताडून बघा. मूळ प्रत सरकारी कपाटात ठेवण्याचं कारणच ते.

साडेपाच ते सव्वासहा

संचिका मोजून परत. बाहेर काढलेली प्रत्येक संचिका नोंदवहीत खोडून, पानं मोजून, त्याच जागी. सोसायटीच्या तीन नकाशांवर मी पेन्सिलीने बारीक खूण करून एकमेकांचे क्रमांक लिहिले, म्हणजे पुढच्या वेळी एक काढणाऱ्याला बाकीचे दोन आहेत हे कळेल. सरांचा निळा कागद रुमालात परत बांधला नाही. सपाट पुठ्ठ्यात घालून वर ‘स्कॅनिंगसाठी, तातडीने’ असं लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर टिपणीसह ठेवला. टिपणीत लिहिलं आहे की १९७० च्या आधीचे सगळे रुमाल या पद्धतीने आधी घ्यावेत, त्यासाठी मी शनिवारी यायला तयार आहे.

मामा कुलूप लावताना फोन वाजला. उद्या आलं तर नकाशा पाहायला मिळेल का, असं एक बाई विचारत होत्या. अर्ज दिला तर तारीख देऊ, आणि अर्ज न करता पाहायचं तर पुढच्या सोमवारी तीन वाजता या, असं सांगितलं. येण्याआधी करारनाम्यातला परवानगीचा क्रमांक उतरवून सकाळीच खिडकीवर द्या, म्हणजे दुपारी टेबलावर तयार असेल.

‘‘माझ्या नावावर फ्लॅट नाही, यजमानांच्या नावावर आहे. मला दाखवाल ना?’’

दाखवू, म्हटलं. तुम्ही राहता ना तिथे? मग या.